रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार?

सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रात हात सापडला, विहीर खोदताना दोर तुटून माणूस तळाशी आदळला, वावरातल्या मोटारीचा शॉक लागला, की पुढची धावपळ बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाला तोंडपाठ आहे. आधी तालुक्याचं रुग्णालय, मग बुलढाणा किंवा खामगाव, तिथूनही पुढे अकोला नाहीतर संभाजीनगर. माणूस वाचला की कागदांची धावपळ सुरू होते. सातबारा, पंचनामा, दवाखान्याची कागदं, अपंगत्वाचा दाखला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन अवयव निकामी झाले तर 2 लाख रुपये मिळतात, एक गेला तर 1 लाख. पैसे खात्यात आले की शासनाच्या लेखी प्रकरण मिटतं. घरात ते तिथून पुढे सुरू होतं. कमरेखालची संवेदना गेलेला माणूस बाजेवर असेल तर त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, दिवसा आणि रात्रीही. वर्षाचा हिशेब केला तर 4,380 वेळा.

त्यातली एखादी वेळ हुकली तर फार बिघडत नाही. रोजच हुकायला लागली की माकडहाडावरची कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग जखम हाडाला भिडते. दुखत नसल्यामुळे माणसाला स्वतःला ते कळत नाही. वास येऊ लागतो तेव्हा घरच्यांना कळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मणका तुटलेली बहुतेक माणसं अशा जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं वर्ष-दोन वर्षांत दगावत. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात 1944 मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांचा स्वतंत्र विभाग उघडला. तुटलेला मज्जारज्जू जोडणारं औषध त्यांच्याकडे नव्हतं, आजही कुणाकडे नाही. त्यांनी ठरलेल्या वेळी कूस बदलण्याचा दंडक घातला, लघवीच्या नळीची स्वच्छता काटेकोर केली, माणसांना कामाला आणि खेळाला लावलं. मरायला टेकलेली माणसं जगू लागली आणि पुढे त्याच आवारातल्या स्पर्धांमधून पॅरालिम्पिक उभं राहिलं. काळजीचा दर्जा म्हणजे काय, हे मला त्या विभागाच्या इतिहासातून सर्वात स्पष्ट दिसतं. रात्री दोन वाजता ठरलेलं काम करायला ठरलेला माणूस उठतो का, आणि तो उठला नाही तर बाजेवरच्या माणसाला त्याबद्दल कुणाला काही सांगता येतं का, या दोन प्रश्नांवर तो दर्जा ठरतो. फरशी, रंग, कमान, प्रवेशद्वारावरची पाटी हे सगळं नंतरचं.

आपल्या जिल्ह्यात आज रात्री दोन वाजता आई उठते. कधी बायको, कधी भावजय, पण बहुतेक ठिकाणी साठीपुढची आई. जिल्ह्यातल्या प्रौढ अपंगांचा सगळ्यात मोठा निवासी आधार तीच आहे, आणि तिची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. तिला रजा नाही, पाळी बदलणारं कुणी नाही, उचलायचं कसं याचं प्रशिक्षण नाही. उचलताना तिची स्वतःची कंबर जाते. घाटाखालच्या तालुक्यांत मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. मणक्याची इजा मानेजवळ असेल तर त्या खालच्या शरीराला घाम येत नाही, त्यामुळे तेवढ्या उन्हात पत्र्याच्या घरात पडून राहणं जिवावरचं असतं. दाब बदलणारा एअरबेड कुणी देणगीत दिला तरी तो विजेवर चालतो; लाइन गेली की त्यातली हवा उतरते. लघवीचे खडे आणि संसर्ग टाळायला अशा माणसानं भरपूर पाणी प्यावं असं डॉक्टर सांगतात. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावच्या खारपाणपट्ट्यात, जिथली गावं किडनीच्या आजारांमुळेच चर्चेत आली, तिथे कुठलं पाणी प्यावं हाच प्रश्न असतो. बाईचं तर आणखी वेगळं. शौचाला न्यायला दुसऱ्याला हाक मारावी लागते, म्हणून अनेक अपंग बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. घरात प्रेम असूनही हे घडतं. प्रेमानं काळजीतल्या सगळ्या अडचणी सुटत नाहीत, हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं निरर्थक आहे.

मग आई गेल्यावर काय, हा प्रश्न येतो. त्याचं सरकारी उत्तर शोधायला गेलं की मधली जागा रिकामी सापडते. निवासी विशेष शाळा आहेत, पण त्या मुलांसाठी. वृद्धाश्रम आहेत, ते साठीनंतरचे. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' नावाची प्रौढांच्या निवासाची योजना आहे, पण 1999 चा तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांपुरता आहे. पोलिओनं पाय गेलेला, मणका तुटलेला, दोन्ही हात गमावलेला तिशी-पस्तिशीचा माणूस यांतल्या कुठल्याच दारात बसत नाही. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर बस जळून 25 माणसं गेली. तो आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. अपघातांतून जिवंत राहून आयुष्यभरासाठी बाजेला खिळणाऱ्यांचा आकडा कुणी विचारत नाही.

वयाची ही रेषा किती क्रूर आहे, हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. बेवारस सापडलेली अपंग, अंध, मतिमंद मुलं त्यांनी वाढवली, स्वतःचं नाव दिलं. कायदा म्हणतो, 18 वर्षं पूर्ण झाली की बालगृह सोडा. त्यांनी मुलं सोडली नाहीत. अशा मुलांना आयुष्यभर तिथेच राहता यावं असा कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षं करत आले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची अंध मानसकन्या माला पापळकर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. सत्कार झाले, ते व्हायलाच हवे होते. मागणी मात्र मागणीच राहिली. आपल्याकडे चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला पालवे दांपत्याचं सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावरच्या निराधार मनोरुग्णांना सांभाळतं. अशा ठिकाणांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एका माणसाच्या जिद्दीवर उभ्या राहिलेल्या जागेला जिल्ह्याची व्यवस्था म्हणता येत नाही. त्या माणसानंतर काय, हा प्रश्न तिथेही आईच्या प्रश्नाइतकाच जवळचा असतो.

अशा वेळी सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे एक मोठी संस्था काढणं. गावाबाहेरची ई-क्लास म्हणजे सरकारी जमीन मिळवायची, आमदार निधीतून सभागृह, दात्यांच्या नावाच्या खोल्या, शंभर खाटा. माझा विरोध इथून सुरू होतो. जमीन फुकट मिळते म्हणून इमारत गावाबाहेर जाते, आणि गावाबाहेर गेली की माणसांची नजर तिच्यावरून उठते. खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या निवासी आश्रमशाळेत मुलींवर झालेले अत्याचार 2016 मध्ये उघड झाले, तेव्हा सगळा जिल्हा हादरला होता. ती शाळा अपंगांची नव्हती, पण बंद आवारात काय घडू शकतं याचा धडा सगळ्याच निवासी संस्थांसाठी आहे. मुली दिवाळीच्या सुटीत घरी आल्या म्हणून ते बाहेर आलं. प्रौढ अपंगाला संस्थेत ठेवलं की त्याला दिवाळीची सुटी नसते. घेऊन जाणारं कुणी उरलेलं नसतं, म्हणूनच तर तो तिथे असतो. ज्याला घासभर अन्नासाठी, अंघोळीसाठी, लघवीची पिशवी बदलण्यासाठी एकाच माणसावर अवलंबून राहायचं आहे, तो त्या माणसाविरुद्ध तोंड उघडणार नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं अधीक्षकासमोर 'काही त्रास आहे का' विचारलं तर तो 'नाही' म्हणेल, आणि तसा शेरा लिहिला जाईल.

कायद्यात याची जाण आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम सांगतं की अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये, आणि घरपोच मदतीपासून वैयक्तिक मदतनीसापर्यंतच्या सेवा तिच्या आवाक्यात असाव्यात. संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख याच कायद्यात आहे. महाराष्ट्रानं 2022 च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. कलमं आहेत, विभाग आहे, पण मेहकर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात या पाचव्या कलमाचा एक रुपयाही अजून कुणाच्या बाजेपर्यंत पोचलेला मला दिसत नाही.

आपल्या मनातल्या एका सवयीबद्दलही बोललं पाहिजे. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की अपंगांच्या वसतिगृहात फळवाटप होतं. राहणाऱ्यांना रांगेत बसवतात, प्रत्येकाच्या हातात केळी आणि सफरचंद देतात, फोटो निघतो. देणाऱ्यांची भावना खोटी असते असं मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्याला परक्या माणसाची निगा राखता येते, हे शेगावनं सिद्ध केलं आहे. गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळ्या लावून काम करतात, लाखोंच्या गर्दीत स्वच्छता टिकते, आणि शिवशंकरभाऊ पाटलांनी घालून दिलेली शिस्त त्यांच्या जाण्यानंतरही चालू आहे. रात्री दोन वाजता उठणारी माणसं आपल्याकडे नक्की आहेत. पण शेगावला आलेला भक्त दुसऱ्या दिवशी घरी जातो. ज्याला तिथेच आयुष्य काढायचं आहे, त्याचं सेवेशी नातं वेगळं होतं. सेवा करणाऱ्याला समाधान मिळतं, आणि सेवा घेणाऱ्यावर कृतज्ञतेचं ओझं चढतं. पुण्य करणाऱ्याला 'हात धुऊन या', 'आज नको', 'मला तुमच्याकडून अंघोळ नको आहे' असं सांगणं फार अवघड असतं. पगार घेणाऱ्याला सांगता येतं. म्हणून मला या कामात सेवाभावी माणसांच्या आधी नीट पगार मिळणारी, शिकवलेली, तक्रार झाली तर जाब द्यावा लागणारी माणसं हवीत. सेवाभाव त्यांच्यात असेल तर उत्तमच.

ज्यांना ही काळजी दुसऱ्याकडून घ्यावी लागते, त्यांनी स्वतः हा वाद पूर्वी घातलेला आहे. लिओनार्ड चेशायर या ब्रिटिश वैमानिकानं 1948 मध्ये हॅम्पशायरमधल्या 'ल कोर्ट' या वाड्यात आजारी, अपंग माणसांना आसरा द्यायला सुरुवात केली. त्यातून चेशायर होम जगभर पसरली, मुंबईत अंधेरीलाही आली. हेतू निर्मळ होता. तरीही त्याच ल कोर्टमध्ये राहणाऱ्यांना झोपायची वेळ, बाहेर जाण्याची मुभा अशा साध्या गोष्टींसाठी व्यवस्थापनाशी भांडावं लागलं. त्यांनी संशोधक बोलावले, पण त्या संशोधकांचे निष्कर्षही त्यांना व्यवस्थेच्या बाजूचे वाटले. त्यांच्यातल्या पॉल हंट यांनी 1972 मध्ये 'गार्डियन' वृत्तपत्राला पत्र लिहून संस्थांमध्ये अडकलेल्या अपंगांना एकत्र येण्याची हाक दिली आणि त्यातून तिथली अपंग हक्कांची चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत बर्कली इथे एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या मित्रांनी स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं. पोलिओमुळे रॉबर्ट्स यांना श्वासासाठी यंत्र लागायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं. स्वतःचे बूट स्वतः घालता येतात की नाही यावर स्वातंत्र्य ठरत नाही. आपल्या दिवसाचा निर्णय कोण घेतं यावर ठरतं.

इथे कुणी म्हणेल, आणि खेड्यात काम करणारी चांगली माणसंच हे म्हणतात, की आमच्याकडे डोक्यावर छप्पर नाही, उन्हाळ्यात टँकरनं पाणी येतं, आणि तुम्ही झोपायची वेळ कुणी ठरवायची याबद्दल बोलता. आधी निवारा होऊ द्या, मग अधिकार बघू. या आक्षेपात तथ्य वाटावं इतकी आपली परिस्थिती बिकट आहे. तरी मी तो मानत नाही. पहिलं कारण, राहणाऱ्याला विचारायला पैसा लागत नाही. सकाळी अंघोळ की संध्याकाळी, बाईला बाईच मदतनीस, दाराला आतून कडी, स्वतःचा फोन स्वतःजवळ, यातलं काहीच गरिबीमुळे अडत नाही. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. ज्या घरात राहणाऱ्याचं ऐकलं जात नाही, तिथे रात्रीची कूसही बदलली जात नाही, कारण ती बदलली नाही हे सांगणारा एकच साक्षीदार असतो आणि त्यालाच गप्प केलेलं असतं. अधिकार आणि निगा यांत आधी-नंतर लावता येत नाही. बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, हा त्या गप्प बसवण्याचाच शरीरावर उमटलेला पुरावा आहे.

हे आपल्या मातीत जमत नाही असंही नाही. नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखाली लुळेपणा आला. त्यांनी 1984 मध्ये सहकाऱ्यांसह कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू केली. उचगावचं वसतिगृह आणि सिंधुदुर्गातल्या मोरे गावचं काजू प्रक्रियेचं केंद्र त्यातून उभं राहिलं. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांनीच आखणी केली, तर दारं रुंद होतात, उतार चढता येण्याजोगे होतात, संडासात खुर्ची वळते. पुण्याजवळ खडकीला 1974 पासून मणक्याच्या इजेनं जायबंदी झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथली माणसं काम करतात, बास्केटबॉल खेळतात, काहीजण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. त्यांच्यामागे निवृत्तिवेतन असतं, आणि पूर्ण अपंगत्व असेल तर मदतनीसासाठी वेगळा भत्ताही. सैनिकाला मदतनीस लागतो हे ज्या देशाला समजतं, त्याच देशाला विहिरीत पडलेल्या शेतमजुराला तो लागतो हे का समजू नये?

संजय गांधी निराधार योजनेत अपंगांना आता महिन्याला अडीच हजार मिळतात. दीड हजारांवरून वाढ झाली, ती लढून मिळाली, तिचं मोल आहे. पण आजच्या रोजानं त्यात आठवडाभराचा माणूसही लागत नाही. खर्चाची दुसरी जागा ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या उत्पन्नातला अपंगांसाठीचा 5 टक्के निधी. एका छोट्या ग्रामपंचायतीचे 5 टक्के म्हणजे काही हजार रुपये. ते एखाद्या वस्तूच्या वाटपात संपतात. तेच तालुक्यातल्या सगळ्या पंचायतींचे एकत्र केले, त्यात नगरपालिकेचे घातले, तर काही मदतनीसांचे पगार निघू शकतात. केरळानं 2008 मध्ये वेदनाशामक उपचारांचं धोरण केलं आणि पंचायतींमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. तिथे 'आश्वासकिरणम्' योजनेत घरी काळजी घेणाऱ्याला महिन्याला 600 रुपये मिळतात. रक्कम क्षुल्लक आहे, पण ती त्या आईच्या नावानं निघते, म्हणजे तिचं काम सरकारदरबारी नोंदलं जातं.

म्हणून बुलढाण्यासाठी माझी मागणी अशी आहे. पहिला पैसा घरपोच मदतीला द्या: शिकवलेला मदतनीस, कॅथेटर आणि जखमा बघणारी परिचारिका, आणि आईला वर्षातून काही दिवस मोकळीक मिळावी म्हणून तेवढ्यापुरती राहण्याची जागा. ज्यांचं घरच उरलं नाही, त्यांच्यासाठी शंभर खाटांची इमारत नको. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा गावांच्या भरवस्तीत, बाजार आणि एसटी स्टँड जवळ असलेली सहा-आठ जणांची घरं हवीत. शेजारणीला रात्री ओरडण्याचा आवाज ऐकू येईल इतकी जवळ. घर चालवणाऱ्या समितीत निम्म्याहून जास्त जागा तिथे राहणाऱ्यांच्या असाव्यात. मदतनीस ठेवण्याचा आणि काढण्याचा निर्णय त्यांच्या हातात असावा. तपासणी न सांगता, रात्री व्हावी; तपासणाऱ्यांत दुसऱ्या तालुक्यातली अपंग माणसं असावीत, आणि त्यांनी वह्या बघण्याआधी परवानगी घेऊन पाठी आणि टाचा बघाव्यात. वहीत लिहिलेली कूस खोटी असू शकते, पाठीवरची जखम खोटी नसते.

आणि सगळ्यात शेवटी पैशाचा मार्ग. आजचं अनुदान संस्थेला मिळतं, डोक्यांच्या संख्येवर. त्यामुळे राहणारा संस्थेच्या अनुदानाचं निमित्त होतो. स्वीडननं 1994 मध्ये लागू झालेल्या कायद्यानं तास मोजून मदतीचा हक्क माणसाच्या नावे केला, आणि मदतनीस कुणाकडून घ्यायचा हे त्याच्यावर सोपवलं. आपल्याला तेवढी रक्कम परवडणार नाही, पण दिशा परवडते. काळजीवाहक भत्ता राहणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात येऊ द्या, संस्थेनं तो त्याच्याकडून घ्यावा. मग मेहकरच्या घरात कुणी नीट वागवलं नाही तर पस्तिशीतला एखादा गडी चिखलीच्या घराला फोन करून विचारू शकेल, तुमच्याकडे जागा आहे का. त्याला तसं विचारता येतं हे मेहकरच्या अधीक्षकाला माहीत असलं पाहिजे.